माळ घेतली, आता काय? अन्नशुद्धीच्या वाटेवर नव्यानं निघालेल्यांसाठी

कौंडण्यपूरला कार्तिकात माळ घातली आणि घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर सगळी भांडी अंगणात काढून राखेनं घासली. लसणाच्या जुड्या शेजारी देऊन टाकल्या. नवऱ्याचं ताट वेगळं केलं. पाच दिवस हेच चाललं होतं. आणि पिण्याच्या पाण्याचा गुंड मात्र ओट्यावर उघडाच होता. येणारा-जाणारा त्यात गडवा बुडवायचा, बोटांसकट.

त्याला आता नऊ वर्षं झाली. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापूस, तूर आणि सोयाबीनचं. दरवर्षी गावातलं कोणी ना कोणी माळ घेतं आणि मला विचारायला येतं, "ताई, आता काय चालते, काय नाही चालत?" सगळ्यांना यादी हवी असते. यादी मीही देते, पण चौथ्या पायरीवर. त्याच्या आधी तीन गोष्टी आहेत. त्या सोडून थेट कांदा-लसणावर जाल, तर माझ्यासारखी तुमचीही दोन वर्षं वाया जातील.

मुळात सांगितलंय काय, तेवढं आधी समजून घ्या. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात वचन आहे: "आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः". आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होतं. यातल्या 'आहार' शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनी फार रुंद घेतला. इंद्रियांनी आपण जे जे आत घेतो, ते सगळं आहार: डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. रामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगतात. पहिला जातिदोष, म्हणजे त्या पदार्थाच्या स्वभावातच असलेला. दुसरा आश्रयदोष, ज्याच्याकडून अन्न आलं त्याच्यामुळे येणारा. तिसरा निमित्तदोष, म्हणजे केस, माती, किडा, घाण पडून येणारा. आपण बहुतेकजण पहिल्या दोषावरच अडकतो. खेड्यात राहणाऱ्यानं तिसऱ्यापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

काय काय लागेल

फार काही नाही. पाण्यासाठी झाकणाचा गुंड आणि लांब दांड्याचं ओगराळं. गाळायला दुहेरी सुती फडकं, ते रोज धुवून उन्हात वाळवायचं. धान्याला सूप आणि दोन चाळण्या, एक बारीक, एक मोठी. झाकणं, जितकी भांडी तितकी. तिथी पाहायला दिनदर्शिका. आणि घरच्यांशी आधी बोलणं. हे शेवटचं मी केलं नव्हतं, त्याचं सहाव्या पायरीत सांगते.

१. पाणी

पाणी गाळणं म्हणजे पाणी शुद्ध करणं नव्हे. फडक्यानं कचरा आणि किडे जातात, जुलाब-काविळीचे जंतू जात नाहीत. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, मग वरचं पाणी खळखळ उकळून घ्या. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी ब्लिचिंग) पावडर टाकते तेव्हा "वास येते" म्हणून नाल्याचं पाणी आणणारे लोक मी पाहिले आहेत. तो वास येऊ द्या.

इथं एक मोठा खड्डा आहे. अकोला, बुलडाणा, अमरावतीकडच्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहत असाल, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडच्या बोअरचं पाणी पीत असाल, तर उकळून काही उपयोग नाही. क्षार आणि फ्लोराइड उकळल्यानं जात नाहीत, उलट पाणी आटलं की दाट होतात. गावातल्या लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसत असतील, तर ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना तपासायला द्या. अंघोळीला चालणारं पाणी आणि पिण्याचं पाणी एकच असेल असं धरून चालू नका.

दुसरा खड्डा फवाऱ्याच्या डब्यांचा. कीटकनाशकाचा रिकामा डबा चांगला मजबूत असतो, झाकण घट्ट बसतं, म्हणून बाया तो सात वेळा धुवून पाणी न्यायला वापरतात. सात काय, सत्तर वेळा धुतला तरी नाही. त्याला भोकं पाडा आणि घराबाहेर काढा. देवघर गंगाजलानं शिंपडलं आणि वावरात त्या डब्यातलं पाणी प्यायलं, तर शुद्धी कुठं राहिली?

२. धान्य आणि भाजी

तूर, ज्वारी, चणा घरचे असतील तर नशीब समजा. पण घरचं आहे म्हणून शुद्ध आहे, असं नसतं. कोठीत पोरकिडा लागू नये म्हणून विषारी गोळ्या टाकायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. झोपायच्या खोलीत कोठी आणि कोठीत गोळी, हे तर कधीच करू नका. कडक ऊन दाखवून, गार झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरलेली ज्वारी माझ्याकडे वर्षभर टिकते. डाळीला थोडं तेल चोळते. मध्ये दोनदा बाहेर काढून पाखडावी लागते, एवढाच त्रास.

धान्य निवडायला रोज पंधरा मिनिटं बसा. ज्वारी सुपात घेऊन खडा, काडी, काळा दाणा वेगळा करताना मन आपोआप खाली बसतं. मला जप जमत नव्हता तेव्हा हेच जमलं. बोटांना सवय झाली की नामही त्याच लयीत येतं.

भाजीचं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. श्रावण-भादव्यात कपाशीच्या ओळीत घोळ, तरोटा, आंबाडी अशी भाजी उगवते. बरबटी, म्हणजे चवळीही लोक कपाशीतच लावतात. खुडायला हात शिवशिवतात. पण वरच्या कपाशीवर परवा फवारा झालेला असतो, त्यातलं अर्धं या भाजीवर पडलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मी परसात दोन वाफे ठेवले आहेत, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, चार वांग्याची झाडं. त्यावर शेण-गोमूत्राचं पाणी आणि निंबोळी अर्क, दुसरं काही नाही. रानभाजी हवी असेल तर फवारा न होणाऱ्या पडीत जागेतली खुडते.

३. अन्न कोणाकडून आलं

हा आश्रयदोष. सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो, माझ्या हातूनही झाला.

माळ घेतल्याच्या पहिल्याच भादव्यातली गोष्ट. आमच्या तुरीत निंदण चालू होतं. दुपारी पाऊस आला आणि निंदायला येणाऱ्या एका काकूंच्या घरी आम्ही थांबलो. त्यांचं घर वस्तीच्या पार टोकाला. त्यांनी जर्मनच्या गंजात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात, काळा चहा मांडला, गूळ घातला, फडक्यानं कप पुसून माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "मी माळकरी आहे, बाहेरचं घेत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. कप चुलीच्या कडेला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या निंदायला वेळेवर आल्या, पण पाण्याची बाटली घरून आणली होती. दहा वर्षं आमच्या गुंडातलं पाणी पिणाऱ्या बाईनं त्या दिवशी आमच्या गुंडाला हात लावला नाही.

संध्याकाळी सासूबाई तूर पाखडत होत्या. मी त्यांना सांगितलं. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "तिच्या हातानं निंदलेली तूर तुले चालते. तिनं वेचलेला कापूस इकून आणलेलं मीठ चालते. अन् चहा चालत नाही, काहून?"

मला उत्तर देता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून काकूंच्या घरी गेले आणि चहा मागितला. त्यांनी चहा ठेवण्याआधी माझ्यासमोर दोनदा हात धुतले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

मग अन्न कोणाकडून आलं हे पाहायचं म्हणजे काय पाहायचं? मी त्याचा अर्थ कमाईचा लावते. मजुराचे पैसे थकवून भरलेली कोठी, काटा मारून विकलेला माल, व्याजात बुडवलेल्या माणसाचं वावर, यातून आलेलं अन्न अशुद्ध. देणाऱ्याच्या मनात राग, कपट, मेहरबानी असेल तर तेही अन्न जड. देणाऱ्याची जात यात कुठं येते? आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात. त्यांच्या घरच्या सोयराबाई सातशे वर्षांपूर्वी सांगून गेल्या, "देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध". पाळीच्या दिवसांत बाईला बाजूला बसवण्याचं उत्तरही मला याच अभंगात सापडलं. त्या दिवसांत मी विसावा घेते, जड पाणी उचलत नाही. पण चुलीपासून मला कोणी हटकत नाही आणि मी माझ्या सुनेला हटकणार नाही.

आठवड्याला एक काम करा. ज्याचे पैसे देणं बाकी आहे त्याचे देऊन टाका, मग बाजाराला जा.

४. ताटात काय

आता यादी. गीतेच्या सतराव्या अध्यायात आठव्या ते दहाव्या श्लोकांत तीन प्रकारचा आहार सांगितला आहे. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख वाढवणारं, रसाळ, स्निग्ध, पोटात टिकणारं, मनाला आवडणारं ते सात्त्विक. अति कडू, आंबट, खारट, गरम, तिखट, कोरडं, जळजळ करणारं ते राजस. शिळं, रस गेलेलं, दुर्गंधी सुटलेलं, उष्टं ते तामस. नीट वाचा. कांदा-लसणाचं नाव तिथं नाही. ते सोडणं नंतरच्या आचारातून आलं आणि ते मी पाळते. पण गीतेत 'अति' हा शब्द आहे. आपल्या विदर्भातल्या ताटाला तो आधी लागू होतो. जीभ बधिर होईस्तोवर हिरव्या मिरचीचा ठेचा खायचा आणि "आम्ही लसूण सोडला" म्हणायचं, हे बरोबर नाही.

माझा अनुभव असा की एकदम काही सोडू नका. पहिल्या महिन्यात मांस-मासळी-अंडं बंद, कारण माळेची तीच अट आहे. त्याच महिन्यात तिखट निम्म्यावर आणा. कांदा-लसूण आधी फक्त एकादशीला सोडा, मग कांदेनवमी झाली की आषाढी ते कार्तिकी असा पूर्ण चातुर्मास. जमलं तर पुढं वर्षभर. फोडणीत लसणाच्या जागी हिंग-जिरं, थोडं आलं आणि शेवटी भरपूर सांबार. वायगावची हळद मिळाली तर वरणाला दुसऱ्या कशाच्या चवीची गरज पडत नाही. तिखटाची सवय मोडायला जवसाची आणि तिळाची चटणी फार कामाची, तोंडाला चव राहते.

मांस सोडताना त्या जागी काय आलं ते पाहा, नाहीतर अशक्तपणा येतो. रोज डाळ, चणा किंवा बरबटीची उसळ, आणि दूध-ताक हवंच. बी-१२ शाकाहारात मुख्यतः दूध-दही-ताकातूनच मिळतं. हातापायाला मुंग्या, सतत थकवा असं काही वाटलं तर रक्त तपासा, "माळेची परीक्षा आहे" असं म्हणत बसू नका. गरोदर सुनेवर आणि वाढत्या लेकरांवर आपला नेम लादू नका. अंगणवाडीतलं अंडं लेकराच्या ताटातून काढणं मला तरी पुण्याचं वाटत नाही.

५. चूल, हात आणि वेळ

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. कीर्तनाआधी ते हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. शुद्धीचा क्रम त्यांनी करून दाखवला: आधी झाडू, मग हरिनाम. स्वयंपाकाआधी अंघोळ जमली तर उत्तम. वावरातून आल्यावर ती नाही जमली तर निदान कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, खत-फवारा हाताळला असेल तर कपडे बदला. चूल पेटवायला पन्नी (प्लास्टिकची पिशवी) किंवा टायरचा तुकडा घालू नका. सगळीकडे घालतात. तो काळा धूर भाकरीवरच बसतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वाळलेली असेल तर दोन काड्यांत पेटते, गवरीला चमचाभर तेल लावा.

शिळ्याबद्दल सगळे विचारतात. गीतेतला शब्द 'यातयाम', म्हणजे शब्दशः प्रहर उलटून गेलेलं. प्रहर तीन तासांचा. आता पहाटे पाचला रांधून दुपारी एकला वावरात जेवणाऱ्या बाईनं काय करावं? मी असं करते: शिदोरीत भाकरी, कोरडा झुणका किंवा चटणी, मुळा, काकडी. वरण, पातळ भाजी, भात उन्हाळ्यात बांधून नेत नाही. ते आंबतात, आणि 'पूति' म्हणजे वास सुटलेलं ते हेच. भाकरी ओल्या नाही, कोरड्या सुती फडक्यात बांधा. रात्रीचा उरलेला भात सकाळी गाईला. मुद्दा घड्याळाचा नाही. वास, चव, ओल तपासून जेवायचं.

६. एकच घर, दोन ताटं

माझे यजमान माळकरी नाहीत. रविवारी त्यांना मटण लागतं. पहिली दोन वर्षं आमच्या घरात रविवार म्हणजे भांडण. मी नाक मुरडायचे, ते मुद्दाम जास्त आणायचे, लेकरं मध्ये गप्प. अशा दिवशी मी शुद्ध वरण-भात खायचे आणि रात्रभर रागानं जळायचे. त्या दोन वर्षांत माझं ताट शुद्ध होतं, मन नव्हतं.

नंतर आम्ही बसून ठरवलं. अंगणातली चूल, एक गंज, एक पळी त्यांची. शिजवायचं त्यांनी, घासायचं त्यांनी. घरातल्या चुलीवर रविवारी मी काय करते ते त्यांनी विचारायचं नाही, आणि त्यांच्या गंजात काय आहे ते मी विचारायचं नाही. गेल्या पाच वर्षांत त्यांचा रविवार आपोआप महिन्यातून एकदा झाला आहे. मी एक शब्द बोलले नाही. तुम्हीही हे माळ घालण्याआधी घरात बोलून घ्या.

७. जेवायला बसताना

धर्मशास्त्रात पंचसूना सांगितल्या आहेत. घरातल्या पाच जागा, जिथं नकळत जीव मरतात: चूल, जातं, झाडू, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. शाकाहारी झालो म्हणजे आपल्या ताटामागं हिंसा उरली नाही, असा समज झाला की ही यादी आठवावी. त्याच्या फेडीसाठी आधी दुसऱ्यांचा वाटा काढायचा. गाईचा घास, कुत्र्याची चतकोर भाकरी, पाखरांना मूठभर कण्या, दारी आलेल्याला अन्न. मग आपण.

ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घाला, प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचांचं नाव घेऊन पहिले घास. मंत्र पाठ नसेल तर विठ्ठल म्हणा. टीव्ही बंद. शंकराचार्यांचा अर्थ इथं कामाला येतो. समोर मालिकेतली सासू-सुनेची भांडणं चालू असतील तर घासासोबत तीही आत जातात. जेवताना अन्नाला नावं ठेवायची नाहीत. "अन्नं न निन्द्यात्" असं तैत्तिरीय उपनिषद सांगतं. अळणी असेल तर गुपचूप मीठ मागा.

८. उपवास

उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तळलेले पापड असं नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलं आहे. एक वेळ भगर किंवा राजगिरा, फळं, ताक, एवढं पुरे. भगरीचं तयार पीठ शक्यतो घेऊ नका. ते ओल धरतं, बुरशी लागते आणि त्यातून विषबाधा होते. दाणे आणून, निवडून, धुवून घरी दळा.

निर्जळी उपवासाबद्दल कळकळीनं सांगते. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांना भयंकर वेदनांचा झटका येतो. अशा माणसानं निर्जळी करूच नये. साखरेचा आजार असलेल्यांनी, बाळंतिणीनं, चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात वावरात राबणाऱ्यांनीही नको. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही.

९. लग्न, पंगत, प्रवास

लग्नातल्या वांग्याच्या भाजीत लसूण असतोच. वाढप्याला थांबवून चौकशी करू नका, मागची पंगत ताटकळते. "माळ आहे, वरण-भात-पोळी वाढा," एवढं सांगितलं की विदर्भातल्या कुठल्याही गावात लोक समजून घेतात. चुकून लसणाचा घास तोंडात गेला तर थुंकायचं नाही, यजमानाला ऐकवायचं नाही. गिळा, नाम घ्या, पुढचं वेगळं मागा. पळसाच्या पानाची पत्रावळ असेल तर ती आधी पुसून घ्या, शिवणीत माती असते.

लांबच्या प्रवासाला डबा घरचा. भाकरी, जवसाची चटणी, गूळ, झाकणाची पाण्याची बाटली. भजी-वडे कागदात बांधून घेऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते. आणि डब्यात दोन भाकरी जास्तीच्या ठेवा. एसटीत शेजारी बसलेल्याला विचारल्याशिवाय जेवता येत नाही.